अक्कांच्या वाट्याचं ऊन

सकाळी मुठीत चुन्याची भुकटी घेऊन अक्का अंगणात उभ्या राहायच्या. ऊन जिथवर आलं तिथे रेघ ओढायच्या. दुपारी आणखी एक, चार वाजता आणखी एक. जिथे दिवसभर ऊन, तिथे वांगी-टमाट्यांचे ड्रम. जिथे थोडं, तिथे पालक-कोथिंबीर. कुणी हसलं तर म्हणायच्या, "खत इकत भेटस, भाऊ. ऊन भेटत नही."

पिंप्राळ्यात अंगण राखणं सोपं नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. डुकरं, बकऱ्या आणि पूजेला फुलं हवीत म्हणत पेरू नेणारे शेजारी. डुकरांसाठी अक्कांनी कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या. शेजाऱ्यांसाठी कुंपणालगत काटेरी लिंबू लावलं.

मी अक्कांच्याच गल्लीत राहतो, प्लॉटचे सौदे करतो. शाळा सातवीत सुटली, बाकी सगळं बोलण्यावर कमावलं. अक्कांच्या घराच्या दक्षिणेचा रिकामा प्लॉट मीच एका बिल्डरला मिळवून दिला. अट माझी होती: अक्कांच्या बाजूला दहा फूट मोकळे सोडायचे. "शब्द दिला," तो म्हणाला. सोडले तीन. मी जाऊन त्याची कॉलर धरली. "लिहून घेतलं होतं का?" त्याने शांतपणे विचारलं. चहाच्या टपरीवरही घासाघीस करणारा मी, आणि लिहून घेतलं नव्हतं. तो राग अजून उतरलेला नाही.

तीन मजले चढले. त्या हिवाळ्यात भरताच्या वांग्यांनी फुलं गाळली. बिल्डर अक्कांकडे आला. "आता इथं काही उगवणार नाही, आजी. जागा देऊन टाका."

अक्कांनी त्याला आधी पाणी दिलं. "अळूले सावली लागस. अद्रकले बी. तू सावली फुकट करी दिन्ही, बरं करं."

मी तोंड पाडून गेलो. "अक्का, चूक झाली."

"झायी ना? मंग ड्रम उचल."

वांग्यांचे सगळे ड्रम मी अक्कांच्या गच्चीवर चढवले. तिथे उत्तरेकडे ऊन उरलं होतं. उन्हाळ्यात नव्या इमारतीतल्या वरच्या फ्लॅटच्या कूलरचं पाणी भिंतीवरून अंगणात ठिबकू लागलं. आम्हाला वाटलं, आता भांडण. अक्का मान वर करून म्हणाल्या, "ताई, नळी अजून जराशी इकडं करा. अळू तहानेलं शे."

यंदा अक्का गेल्या. थोड्याच दिवसांत बिल्डर माझ्याकडे हजर. "आजींच्या एरंडोलच्या लेकीला तू समजाव. भाव तू म्हणशील तो."

असं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नव्हतं. पण लेकीशी माझं आधीच बोलणं झालं होतं. विकायचं तिच्या मनात नव्हतं. पाणी कोण घालणार, एवढीच काळजी होती. ते मी घालतो आहे.

"या जागेचा सौदा होत नाही," मी म्हणालो.

तो उठला. "चौथा मजला मंजूर झालाय. गच्चीवरही ऊन राहणार नाही."

"चढव," मी म्हणालो.

लेक रविवारी येते आहे. ऊन कुठे उरतं ते आखायला मी चुन्याची भुकटी आणली आहे, आणि वांग्याची रोपं यंदा दुप्पट सांगून ठेवली आहेत.