रोनाल्डचा उजवा हात

नंदाखाल गावचा रोनाल्ड वसई पूर्वेच्या एका गाळ्यात एकतीस वर्षं लेथवर होता. आटे पाडायचे तर रोनाल्डनेच, असं मालक प्रितेशशेठ गिऱ्हाइकांनाही सांगायचे. फिरत्या शाफ्टसमोर हाफनटचा दांडा दाबला की टूल आपोआप पुढे सरकायचं, लोखंडात आटा कोरत जायचं. शाफ्टचा जाड भाग यायच्या आत दांडा उचलायचा. क्षणभर उशीर झाला, तर टूल थेट जाऊन आदळणार.

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. माणिकपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, मशीनवर उभे राहू नका. त्याने बायकोला, एलिनाला काही सांगितलं नाही. गाळ्यात तर अवाक्षर काढलं नाही. लेथ सोडून आपल्याला येतं काय, हाच विचार त्याला खात होता. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून तो दांडा ओढायचा.

एका मंगळवारी मिलिंग मशीनवरचा सुमेध मापाचा गेज मागायला शेजारी येऊन उभा राहिला. घामाने ओला झालेला सुरक्षेचा चष्मा त्याने कपाळावर सरकवला होता. टूल जाड भागाजवळ आलं. रोनाल्डची बोटं दांड्यावर नुसती थरथरत राहिली. खाडकन आवाज झाला. टूलचं टोक फुटलं आणि तुकडा सुमेधच्या डाव्या डोळ्यात शिरला.

डोळा वाचला नाही.

हॉस्पिटलात प्रितेशशेठ आले, तेव्हा सुमेधच म्हणाला, “चूक माझीच, शेठ. चष्मा वर केला होता.”

शेठनी मान हलवली. विषय तिथेच मिटला असता. पण रोनाल्डने खिशातला हात बाहेर काढून त्यांच्यापुढे धरला.

“हा बघा, शेठ. वर्षभर असाच थरथरतोय. मी लपवलं.”

सुमेधची बायको तेजस्वी त्या हाताकडे बघतच राहिली.

“कशाला बोललात, दादा?” सुमेध पुटपुटला. “माझा डोळा काय परत येणारे? तुमचं काम मात्र गेलं.”

त्याच संध्याकाळी रोनाल्डचा हिशेब झाला. सुमेधही मिलिंगवर परतला नाही. शेठनी त्याला गेटवर बसवलं.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की रोनाल्ड केळी घेऊन जूचंद्रला सुमेधकडे जायचा. तेजस्वी दार उघडायची नाही. तिसऱ्या रविवारी सुमेध स्वतःच जिना उतरून खाली आला.

“वर येऊ नका, दादा. तुम्हाला बघून ती दिवसभर रडते.”

रोनाल्डने मान खाली घातली आणि केळी पुढे केली. सुमेधने ती घेतली आणि भिंतीला हात लावत जिना चढून गेला.