क्लचवरचा हात

“घाई पेशंटला असते मालक, आपल्याला न्हाई,” असं म्हणून आमच्यातले वयस्क सर बॅग मांडीवर घ्यायचे आणि खुशाल डोळे मिटायचे. दवाखान्याच्या बाकावर टाय लावून ताटकळणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच. ती आम्ही, औषध कंपन्यांचे एमआर. सगळे पेशंट संपले की डॉक्टर आम्हाला दोन मिनिटं देतात, आणि त्या दोन मिनिटांपायी आमचं अर्धं आयुष्य बाकावर जातं. सरांचं तर बहुतेक सगळंच गेलं होतं, पण कुरकुर म्हणून नव्हती.

त्यांची कंपनी वेगळी, माझी वेगळी. तरी नांदेडहून नायगाव, मुखेड आणि पुढे लातूर हा दौरा आम्ही बरोबरच करायचो. एमआर लोकांत ही जुनी रीत आहे; डॉक्टरसमोर वैरी, रस्त्यावर सोबती. त्यांची जुनी मोटारसायकल इतकी सावकाश चालायची की ट्रॅक्टरसुद्धा पुढे निघून जायचा. “जाऊ द्या, त्याला लई कामं असतील,” असं म्हणून ते त्याला वाट द्यायचे.

असल्या माणसानं पन्नाशी उलटल्यावर पोरांची असते तसली, पुढे वाकून बसायची गाडी घेतली. त्यात पुन्हा क्विक शिफ्टर. म्हणजे चालत्या गाडीत क्लच दाबायचाच नाही. नुसत्या पायानं गिअर टाकायचा, इंजिनाचा जोर पळभर आपोआप तुटतो आणि गिअर पडतो. शर्यतीवाल्यांना त्यात वेळ वाचवायचा असतो. यांना कसली घाई आली होती? चहाच्या टपरीवर आम्ही पोट धरून हसलो.

“सर, दुसरं लग्न जमवून राहिले का?” एकानं विचारलं.

“हाव. पोरगी असंल तर सांगा,” ते म्हणाले आणि निवांत चहा प्याले.

त्यानंतर मात्र ते टपरीवर थांबेनासे झाले. मान हलवायचे आणि सरळ पुढे. गाडी आली आणि माणूस शेफारला, असं सगळ्यांचं मत पडलं. दवाखान्यासमोर जागा असली तरी ते गाडी लांब कुठंतरी उतारावर लावायचे. ओरखडे पडू नयेत म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

उलगडा झाला तो मुखेडच्या बाजाराच्या दिवशी. माझी गाडी दुरुस्तीला पडली होती, म्हणून मी त्यांच्या मागं बसलो होतो. शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी थांबली. शेळ्या गेल्या, मागच्या जीपवाल्यानं हॉर्न लावून धरला, तरी आमची गाडी जागची हलेना. मी खांद्यावरून डोकावलो. डाव्या हाताची बोटं क्लचवर होती आणि क्लच तसूभरही दबत नव्हता.

“मालक,” ते मान न वळवता म्हणाले, “तेवढा क्लच दाबा.”

मी मागून हात लांबवून त्यांच्या हातावर ठेवला. इतका हलका हात मी कधी धरला नव्हता. अंगठ्याच्या बुडाचं मांस आटून तिथं खळगा पडला होता. त्यांनी पायानं गिअर टाकला, “आता सोडा, हळू,” म्हणाले, आणि आम्ही निघालो. पुढे क्लचची गरजच पडली नाही.

गाव मागं पडल्यावर त्यांनी सांगितलं. वर्षभरापासून पकड जात होती. “मला वाटलं, ही गाडी घेतली की क्लचची कटकटच मिटली. शोरूमवाला चालत्या गाडीचं सांगून राहिला, अन् मी उभ्या गाडीचं विचारलंच न्हाई.” म्हणून उतार. गाडी उतारावर सोडायची, चाक फिरायला लागलं की पहिला गिअर टाकायचा. टपरी पडली सपाटीवर.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

डॉक्टरला दाखवलंच नव्हतं. वर्षभर ते आपल्याच कंपनीच्या, नसांच्या सँपल गोळ्या खात होते! “जन्मभर विकल्या. थोड्या तरी लागू पडतील की.” लातूरच्या नसांच्या डॉक्टरीणबाईंसमोर ते दर महिन्याला उभे राहत, त्याच गोळीचे गुण सांगत, डावा हात खिशात घालून. मी भडकलोच. वयाचा मान बाजूला ठेवून वाट्टेल ते बोललो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आजाराचं नाव कळलं की मला मागं बसवतील. मागं बसून दौरा होत न्हाई. मला कुणाच्या मागं बसायचं न्हाई, एवढंच हाय बघा.”

शेवटी तोड निघाली. चालवायची त्यांनी, क्लच मी दाबायचा. पण लातूरला पेशंट म्हणून जायचं. हे धोक्याचं होतं, मला कळत होतं. तरी गेलो. लातुरात क्लासच्या पोरांची गर्दी, ऑटोंची दाटी. दर चौकात माझा हात पुढे जायचा.

दवाखान्यात कंपाउंडरनं सवयीनं सांगितलं, “सर, एमआर नंतर. बसा.”

“आज बॅग न्हाई आणली,” ते म्हणाले. “पेशंटमधी नाव घाल.”

कंपाउंडर त्यांच्याकडे बघतच राहिला. आत ते बराच वेळ होते. बाहेर येऊन त्यांनी टाय सोडला, घडी करून खिशात ठेवला. “आपल्या कुणाच्याच बॅगेत याला गोळी न्हाई,” एवढंच म्हणाले. मला रडू आलं. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

त्यानंतरही आम्ही दौरे केले, उजव्या हातातलं बळ होतं तोवर. एक दिवस नायगावला ते आपणहून म्हणाले, “गाडी इथंच राहू द्या. एसटीनं जाऊ.” येताना खिडकीशी बसले आणि नांदेड येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले. तो त्यांचा शेवटचा दौरा. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर मी सरांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि समोर बसल्या.

“भाऊ, एक विचारते, खरं सांगा. घरात शर्टाची गुंडी मी लावायची. पाण्याचा तांब्या धरवत नव्हता त्यांना. मग ती गाडी कोण चालवत होतं? तुम्हीच ना?”

“न्हाई वहिनी,” मी म्हणालो. “सरच चालवायचे. मी मागं बसायचो.”