मूळ कपाटात, कॉपी मशीनवर

मूळ वस्तूला हात लावू देणं हे जगातलं सर्वांत मोठं पाप, असं मानणारा माणूस अख्ख्या चाकणमध्ये एकच होता आणि तो आमच्या कंपनीच्या ड्रॉइंग रूममध्ये बसायचा. चऱ्होलीचे हे काका. बँकेत आधार कार्ड मागितलं तर "बघा, पण लांबून," म्हणायचे. घरच्या लग्नाच्या छापील पत्रिका जपून ठेवून पाहुण्यांना त्यांनी झेरॉक्स वाटल्या होत्या. एकदा कुणीतरी चिडवलं, "काका, काकूंनापण कपाटातच ठेवलंय का राव?" काका शांतपणे म्हणाले, "मूळ हाय ती. झेरॉक्स तुमी." प्रत्येक मूळ ड्रॉइंगचे दोन संच ते कपाटात ठेवायचे. मशीनवर जायची ती कॉपी, आणि काम संपलं की ती परत घेऊन ते स्वतःच्या हातानं फाडायचे.

मी परभणीकडची, नववीत शाळा सुटलेली. इथं ड्रिलिंग मशीनवर उभी राहायचे आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीचा अभ्यास करायचे. जेवणाच्या सुट्टीत डीएनए आणि आरएनए यांतला फरक घोकत होते, तर काका डबा घेऊन शेजारी बसले. "पाठ काय करतीस, पोरी? डीएनए म्हंजी हे कपाट. केंद्रकातनं भाईर पडत न्हाई. दोन पदरी, एकाला कसर लागली तर दुसऱ्यावरनं नीट करायचा. आरएनए ही मशीनवरची कॉपी. बहुतेक एकच पदर. भाईर जायचं, प्रथिन बनवून घ्यायचं, मोडून जायचं."

"आणि थायमिनच्या जागी युरॅसिल?"

"कॉपीची खूण ती. साखरबी येगळी. आरएनएच्या साखरेत ऑक्सिजन एक जादा, म्हणून टिकत न्हाई. टिकायचंच न्हाई त्याला."

ते शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. सारखं कॉपी मागायला जायची मला भीती वाटायची, म्हणून एक कॉपी परत न देता टूलबॉक्सखाली ठेवून दिली. पुढच्या महिन्यात मूळ ड्रॉइंगमध्ये भोक अर्ध्या मिलिमीटरनं वाढलं. मी जुन्या कागदावरच ट्रॉलीभर नग काढले. सगळे वाया.

"ताई, उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. नोकरी गेली की गाव, आणि गाव म्हणजे परीक्षाही गेली. काका आले, तेलकट कागद उलटापालटा करून बघितला. "साहेब, कॉपी मागं घ्यायचं काम माझं. माझं नाव लिवा." आणि रिपोर्टवर सही करून मोकळे. जाताना मला म्हणाले, "कॉपी जुनी झाली हुती गं. मूळ शाबूत हाय. रडू नगं, अभ्यास कर."

मी दहावी पास झाले. गेल्या महिन्यात काकांचा निरोप समारंभ झाला. साहेबांनी हसत हसत सांगितलं, "इतक्या वर्षांत यांची चूक एकच." सगळे हसले. काकाही हसले, "व्हय, तेवढी कॉपी घ्यायची राहिली." मी उठायला हवं होतं, चूक माझी म्हणायला हवं होतं. मी टाळ्या वाजवत बसले, आणि काकांनी माझ्या बाजूला एकदाही बघितलं नाही. मुद्दामच.