रडायचीही चोरी

माझी धाकटी मावशी आणि काका दिवसरात्र भांडायचे. पंखा कितीवर ठेवायचा इथपासून मुलाला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंत. एका सकाळी काका दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले आणि घर एकदम गप्प झालं. माझा मावसभाऊ परदेशात होता, तो तिला घेऊन गेला.

तिथे सहाव्या मजल्यावर, न उघडणाऱ्या खिडक्यांमागे ती बसून असायची. मुलगा-सून कामावर. "कोपऱ्यातली कुंडी झालेय मी," असं फोनवर म्हणायची. शेवटी सुनेनेच तिला एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चिकटवून दिलं. फाटक्या चादरी शिवायच्या, धुतलेल्यांच्या घड्या घालायच्या. मोठी चादर एकटीला आवरत नाही, म्हणून दुसरी बाजू धरायला इस्त्रीवरचे एक विधुर गृहस्थ यायचे. त्यांची भाषा हिला येईना, हिची त्यांना. चादर झटकायची, टोकं जुळवायची, दोन पावलं पुढे यायचं. असं करता करता दोघांचं जुळलं.

मुलगा भडकला. "आई, लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे मला काळं कुत्रं ओळखत नाही."

तिने लग्न केलं. मुलाने अबोला धरला तो धरलाच.

"माणूस सोन्यासारखा आहे गं," ती मला म्हणाली. "पण भांडता येत नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला की मी बोट दाखवते, ते मुकाट्याने उचलतात. संपलं! तुझ्या काकांनी अर्धा तास हुज्जत घातली असती."

एका रविवारी कपडे लावताना काकांचा मफलर तिच्या हाताला लागला आणि साठलेलं सगळं फुटलं. ती हमसून हमसून रडली. हे गृहस्थ दारातून पाहत होते. त्यांनी तिची बॅग काढली, तिचे कपडे नीट भरले, बॅग दाराशी ठेवली आणि कोट चढवून उभे राहिले. तिला मुलाकडे पोचवायला.

"मला जायचं नाही, नुसतं रडायचंय, एवढं सांगायला शब्द नव्हते गं माझ्याकडे. 'नाही, नाही' एवढंच म्हणत राहिले."

तिने कपडे परत कपाटात ठेवले, पण त्यांची खात्री काही पटली नाही. अजूनही ती जरा गप्प बसली की ते घाबरून तिच्याकडे पाहतात.

"मग परत ये ना," मी म्हटलं.

"कुठे? घर विकलं. मुलाच्या दारात उभी राहणार नाही. इथे सकाळी उठून जायला काम आहे. जेवताना समोर कुणीतरी असतं."

"आणि रडू आलं तर?"

"त्याचीही चोरी आता. बाथरूममध्ये नळ सोडते आणि रडून घेते. त्यांना वाटतं, मला आंघोळ फार आवडते. गरम पाणी मला पुरावं म्हणून बिचारे स्वतः गार पाण्याने उरकतात. कालपासून खोकतायत."