ती घाबरली नव्हती

"खाणीच्या काठावर बसलेली ती चिमुरडी भीतीने थरथरत होती. हातातला खडा वेड्यासारखा दगडावर आपटत होती. खालून आम्ही सर्वांनी एकमुखाने प्रार्थना केली आणि प्रभूने तिच्या पायांत बळ घातले. ती उतरली. त्या दिवशी एका भित्र्या मुलीचा नवा जन्म झाला."

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेतला हा परिच्छेद. छापायला जाण्यापूर्वी शुद्धलेखन तपासावे म्हणून पाळकांनी तो स्वतः लिहून माझ्याकडे आणून दिला. शुद्धलेखन निर्दोष आहे. खडा खरा आहे, प्रार्थनाही खरी आहे. बाकीचे नाही.

या वयात वाद घालण्याची मला हौस उरलेली नाही. गुडघे दुखतात, पडवीची तीन पायठणी चढलो तरी दम लागतो, आणि माझ्याशी वाद घालणारी माणसेही एकेक करून कमी झाली. पण हा परिच्छेद तसाच जाऊ देणे मला शक्य नाही. ती मुलगी आता चिपळूणला शिक्षिका आहे. मुलांचे हिवाळी शिबिर माझ्याच्याने होत नाही, ते चालवायला ती तयार आहे, आणि मंडळीच्या समितीतले एक वडीलधारे गृहस्थ हाच मजकूर पुढे करून विचारतात, "जी स्वतः काठावर गळाठली, तिच्या हाती दुसऱ्यांची पोरं कशी द्यायची?" येत्या रविवारी निर्णय आहे.

शिबिर मी सुरू केले, तेव्हा मी वसतिगृहाचा व्यायामशिक्षक होतो. आमच्याकडची बहुतेक मुले चिरेखाणींवर राबणाऱ्या, घाटावरून आलेल्या कुटुंबांची. बाक दिला तरी जमिनीवर बसत. नाव विचारले की पायाच्या अंगठ्याकडे पाहत. कुणाचा देव कोणता, हे मी कधी विचारले नाही. सकाळच्या प्रार्थनेला ज्याला बसायचे तो बसे, नाही तो पाणी भरी. माझी समजूत साधी होती. आपल्याला कुणीतरी निर्माण केले आहे आणि तो आपल्याला विसरलेला नाही, हे मुलाला एकदा उमगले, आणि आपल्याच हातांनी दोर धरून ते एकदा कडा उतरले, की दुकानदाराशी बोलताना त्याची मान खाली जात नाही. ही समजूत मी आजही सोडलेली नाही.

कडा म्हणून मी कातळाच्या उघड्या सड्यावरची एक बंद पडलेली चिरेखाण निवडली होती. दोन पुरुष उंचीची सरळ तासलेली भिंत, मागे दोर बांधायला जांभळाचे जुने झाड. काठावर एक चिरा अर्धा कापून सोडलेला होता, बसायला अगदी सोयीचा. त्यावर बसायचे, वळायचे आणि उतरायचे. आदल्या संध्याकाळी मी स्वतः तिथूनच उतरलो होतो. बाकीची मुले खाली, भिंतीलगतच्या सावलीत गाणी म्हणत बसली होती. आजचे पाळक तेव्हा विशीतले होते. मुले त्यांना दादा म्हणत. तेही खालीच होते. वर मी आणि उतरायच्या रांगेतल्या चार मुली.

पहिला नंबर तिचा. बारा वर्षांची असेल. कमरेला दोर बांधला, तशी ती चिऱ्याजवळ उकिडवी बसली आणि एक खडा उचलून चिरा ठोकू लागली.

"बस की गं. काल मी उतरलोय इथून."

"सर, हा बद्द वाजतोय."

"काय?"

"चिरा. ऐका." तिने आधी शेजारचा कातळ ठोकला, मग चिरा.

मला काहीच फरक कळला नाही. "दगड दगडासारखाच वाजणार. तबला आहे का तो?"

रांगेतल्या मुली हसल्या. ती हसली नाही.

"माझा बा पाय द्यायच्या आधी वाजवून बघतो. बद्द वाजला की त्याच्यावर उभा नाही राहत. खालची माती सुटलेली असते."

एवढ्यात खालून दादांचा आवाज आला, "घाबरू नकोस गं! आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय!"

ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सर, दादांना म्हणावं, आधी तिथनं उठून लांब बसा, मग करा प्रार्थना."

मला राग आला. जागा माझी, पारख माझी, आणि चार मुलींदेखत मला दगड शिकवणारी ही कोण? "मग बाईसाहेब, आपण कुठून उतरणार?" मी विचारले. टोमणा तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ती उठली आणि काठाने ठोकत ठोकत दहा-बारा पावले पुढे गेली. "इथनं. हा खणखणीत आहे." खाली मुलांना मी सरकायला लावले आणि दोर तिकडे वळवला. ती एकदाही न थांबता उतरली. खाली टाळ्या झाल्या, स्तोत्र झाले.

दादांनी वर पाहून विचारले, "सर, जागा का बदलली?"

"ऊन डोळ्यांवर येत होतं," मी म्हणालो.

या खोट्या कथेतला माझा वाटा एवढाच, पण कथा उभी आहे ती याच पायावर.

परवा पाळक पडवीत बसले होते. मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "सर, तुम्ही उगाच कीस काढता. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही डोळे मिटले होते. प्रार्थना करत होतात."

ते हसले, मग गंभीर झाले. "लोकांना साक्ष ऐकायची असते, सर. या गोष्टीने देवाचा गौरव होतो."

"साक्ष म्हणजे पाहिलेले सांगणे. तुम्ही खाली होतात."

"मग ती स्वतः इतकी वर्षं गप्प का?"

हे विचारायला मी तिलाच फोन केला. ती म्हणाली, "सर, तुम्ही ऊन म्हणालात ना. मग मी काय बोलणार?"

तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

प्रार्थनेविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. अजूनही दिवसाची सुरुवात मी प्रार्थनेनेच करतो. त्या दिवशी आमचे मागणे ऐकले गेले असेल, तर ती मुलगी 'बद्द वाजतोय' म्हणाली त्याच क्षणी ऐकले गेले होते. आम्हीच धीराची वाट पाहत राहिलो, आणि धीर समोर बसून खडा ठोकत होता. शिबिर चालवायला जिचे कान इतके जागे आहेत तिच्याहून लायक माणूस मला ठाऊक नाही; मी स्वतःही नव्हतो.

समितीतले ते गृहस्थ रविवारी पुरावा मागतील. तोही मी दडवून ठेवला होता, कारण त्यात माझी शोभा नव्हती. त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी मुले उठण्याआधी तिला खोटे पाडायला मी पहार घेऊन एकटाच खाणीवर गेलो. पहारीचे टोक त्या चिऱ्यामागच्या फटीत टेकवले. जोर लावण्याआधीच चिरा खाली गेला.