सुकटीच्या डब्यातली गोळी

सुकटीचा डबा उघडला की आमचं पाचूबंदरचं घर आठवतं. शाळेत असताना मी महिनोन्‌महिने उदास असायचे, म्हणून डॉक्टरांनी अगदी जपून, अर्धीच गोळी सुरू केली. दर खेपेला आई बोलू लागली की ते तिला थांबवून मलाच विचारायचे, "तुला कसं वाटतंय?" आई गोळ्या सुकटीच्या डब्यात लपवायची, कारण कोळीवाड्यात सुकट घरोघरी असते, ती मागायला कुणी कुणाच्या दारी जात नाही. "कोनाला सांगू नको," एवढंच ती म्हणायची. हळूहळू कमी करत डॉक्टरांनी गोळी बंद केली, त्या दिवशी आईने डबा घासून उन्हात पालथा घातला. "सुटलीस गो बाय!" डॉक्टरांकडच्या खेपाही संपल्या म्हणून मी रडले, तर तिला वाटलं, आनंदानेच. आज एकटीपुरती सुकट भाजताना डॉक्टरांचा तो प्रश्न मीच स्वतःला मोठ्याने विचारते, "तुला कसं वाटतंय?"