दोन्हीकडून आलेलं

गोडदेव गावच्या मनोरमाला सासू म्हणून सख्खी आत्याच मिळाली. हरिश्चंद्र तिचा आतेभाऊ. "घरातली पोर घरातच आली," असं आत्या लग्नात मांडवभर सांगत फिरली होती. पुढे गावची मिठागरं गेली, त्या जागी इमारती उठल्या, हरिश्चंद्र टेम्पो चालवायला लागला. पण त्या लग्नाचं कौतुक काही कमी झालं नाही.

थोरली रुचिता कॉलेजात असताना तिचे डोळे पिवळे पडले. कावीळ, दुसरं काय! मनोरमाने वैदूकडून काविळीची माळ आणून गळ्यात घातली, तेलकट बंद केलं. शेजारच्या हंसाबेनने सल्ला दिला, "तांबे का पानी पिलाओ, मनोरमाबेन. लिवर एकदम साफ!" मनोरमाला ते पटलं. तांब्याच्या कळशीतलं आदल्या दिवशीचं पाणी, सकाळी उपाशीपोटी, दोन पेले. पोरगी तोंड वाकडं करायची, आणि आई पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही.

कावीळ उतरली. पण वर्षभरात रुचिताच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. अक्षर बिघडलं, जीभ जड झाली.

"नाटकं हायेत सगळी," हरिश्चंद्र म्हणाला. "तो मोबाईल काढून घे, आपोआप सरळ होईल."

आत्याने नजर उतरवली. मनोरमाने दोनाचे तीन पेले केले.

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी रुचिताच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं होतं. लहानपणी याच डोळ्यांत काजळ घालणाऱ्या आईला ते कधी दिसलं नव्हतं.

"हिच्या अंगात तांबं साठलंय," बाई म्हणाल्या. "रोजच्या जेवणातही थोडं तांबं असतं. लागेल तेवढं शरीर वापरतं, उरलेलं यकृत बाहेर टाकतं. ते बाहेर ढकलणारं प्रथिनच हिच्या पेशींत बिघडलेलं आहे, जन्मापासून. आधी यकृतात साठलं, आता मेंदूत गेलंय."

मनोरमा म्हणाली, "बाई, तांब्याच्या कळशीतलं पाणी मीच पाजलं हो. माझ्या हातानं."

"ते आता बंद करा. पण पाजलं नसतं तरी हा आजार होताच. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असा दोष दोन्हीकडून आला की होतो. नात्यात लग्न झालंय का तुमचं?"

हरिश्चंद्रने होकारार्थी मान हलवली.

"धाकटी बहीण आहे ना हिला? तिलाही तपासून घ्या. आत्ताच कळलं तर गोळ्यांवर ती धडधाकट राहू शकेल."

घरी हे ऐकलं तशी आत्या दारातच आडवी आली. "सान्वीला कुठं न्यायची न्हाय! काय झालंय तिला? चांगली कबड्डी खेळते. उद्या तिचं लगीन कसं व्हायचं? माझ्या घराचं रक्त खराब हाय, असं गावभर सांगशील काय?"

"तेच रक्त माझ्यात बी हाय, आत्या," मनोरमा म्हणाली. इतक्या वर्षांत तिने दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. दुसऱ्या दिवशी तिने सान्वीला रिक्षात घातलं.

रिपोर्ट आला. सान्वीलाही तेच होतं. चौदा वर्षांची पोर, आणि गोळ्या जन्मभराच्या.

रुचिताचं औषध सुरू झालं, तशी थरथर आधी वाढली. मग जरा थांबली. जे गेलंय ते सगळं परत येईलच असं नाही, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिला आता भात भरवावा लागत होता.

तिसऱ्या महिन्यात सान्वीने गोळी ताटलीत परत टाकली. "मला काही झालेलंच नाहीये! नुसतं मळमळतं या गोळीने. आणि ताई खातेय ना एवढ्या गोळ्या, काय फरक पडलाय तिला?"

रुचिता खुर्चीत होती. तिने तोंड उघडलं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती पुसायला आई पुढे झाली, तर तिने मान हलवून तिला थांबवलं.

"मी... पण..." जीभ पुन्हा अडली. "आधी... चांगली... होते."

सान्वीने गोळी उचलली आणि गिळली. ताईकडे न बघता.